आधी मॉनिटर पाहिला, मग कार्ड

२०२० च्या टाळेबंदीत भाच्याच्या ऑनलाइन शाळेसाठी मी एक संगणक जुळवून दिला होता. त्यात एएमडीचा रायझन ३ ३२००जी हा चार कोअर (हिशेब करणारे भाग) आणि चारच थ्रेडचा (एका वेळी चालवता येणारी कामे), ग्राफिक्स अंगातच असलेला प्रोसेसर, बी४५० चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड) आणि ८ जीबीची एकच मेमरी पट्टी होती. अभ्यासाला तो उत्तम पुरला. २०२३ च्या सप्टेंबरअखेरीस काउंटर-स्ट्राइक २ हा पाच विरुद्ध पाच खेळाडूंचा गोळीबाराचा गेम आला आणि "मामा, यात आता काहीच नीट चालत नाही" ही तक्रार दर रविवारी ऐकू येऊ लागली. दिवाळीत नवे ग्राफिक्स कार्ड घेऊन देण्याचे मी कबूल केले आणि खर्चाची मर्यादा ४० हजार रुपये ठरवली.

सुरुवातीचे काही दिवस मी इंटरनेटवरच्या त्या गणकयंत्रांत वाया घालवले, ज्यांत प्रोसेसर आणि कार्डाचे नाव टाकले की ही जोडी इतके टक्के विजोड आहे असा आकडा मिळतो. गेम कोणता आणि मॉनिटर कोणता हे न विचारताच तो आकडा येतो, हे लक्षात आल्यावर मी त्यांचा नाद सोडला. गेमच्या प्रत्येक फ्रेमसाठी, म्हणजे पडद्यावर एकामागून एक येणाऱ्या प्रत्येक चित्रासाठी, प्रोसेसर आधी खेळाडूंच्या हालचाली, टकरी आणि काय काय रेखाटायचे याची यादी तयार करतो आणि मग कार्ड ते चित्र प्रत्यक्ष रंगवते. दोघांपैकी ज्याला वेळ जास्त लागतो त्याच्याच गतीने खेळ पुढे सरकतो. रिझोल्यूशन (चित्रातील ठिपक्यांची संख्या) वाढवले की कार्डाचे काम वाढते, प्रोसेसरचे जवळपास तेवढेच राहते. म्हणून जोडी जुळते की नाही, हे त्या दोन वस्तूंइतकेच समोरच्या पडद्यावर अवलंबून असते. आमचा मॉनिटर १०८० पिक्सेल उंचीचा आणि ७५ हर्ट्झचा आहे, म्हणजे दर सेकंदाला ७५ फ्रेमपलीकडे तो काही दाखवू शकत नाही. प्रत्येक फ्रेमसाठी दोघांच्या हाती सुमारे १३.३ मिलिसेकंद असतात.

मग मी घरीच एक चाचणी केली. गेमचे रिझोल्यूशन अगदी खाली आणले, सर्व चित्रगुण किमान केले आणि प्रत्येक कोअरचा वापर वेगवेगळा दिसेल अशी सोय लावली. रिझोल्यूशन उतरवूनही फ्रेमची संख्या साठीच्या वर सरकेना, दहाही खेळाडू एका जागी भिडले की ती चाळिशीत यायची आणि त्या वेळी चारही कोअर शंभर टक्क्यांना टेकलेले असायचे. याचा अर्थ स्पष्ट होता, मागे पडत होता तो प्रोसेसर. नुसते कार्ड घातले असते, तर चित्र सुंदर झाले असते, पण अडखळणे तसेच राहिले असते. खरे तर ही चाचणी पहिल्याच दिवशी करायला हवी होती.

मी पाहिलेल्या कार्डांमध्ये सर्वात स्वस्त रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी होते आणि मोह तेच पाडत होते. पण त्याच्यावर मेमरी फक्त ४ जीबी आणि मदरबोर्डाशी बोलायला पीसीआय एक्स्प्रेस या मार्गाच्या चारच लेन (पदर). बी४५० बोर्ड या मार्गाची तिसरी पिढी देतो, त्यामुळे या कार्डाला सेकंदाला जेमतेम ४ जीबीचा रस्ता मिळतो. कार्डावरची मेमरी भरली की उरलेली माहिती त्याच अरुंद रस्त्याने संगणकाच्या मेमरीतून ओढावी लागते आणि खेळ गचके खातो. नव्या बोर्डावर चौथ्या पिढीमुळे हा रस्ता दुप्पट होतो. म्हणून त्याची परीक्षणे वाचताना चाचणी कोणत्या बोर्डावर झाली, हे आधी पाहावे. आरएक्स ६६०० वर ८ जीबी मेमरी आणि आठ लेन आहेत, त्यामुळे जुन्या बोर्डावर त्याचे फारसे नुकसान होत नाही. तेव्हा जवळपास त्याच किमतीत मिळणाऱ्या एनव्हिडियाच्या आरटीएक्स ३०५० पेक्षा ते साध्या चित्रणात बरेच वेगवान आहे. रे ट्रेसिंग (प्रकाशकिरणांचा हिशेब करून केलेले चित्रण) आणि डीएलएसएस (लहान चित्र मोठे करून फ्रेम वाढवण्याचे एनव्हिडियाचे तंत्र) हवे असणाऱ्याने वेगळा विचार करावा. आम्हाला त्याची गरज नव्हती.

प्रोसेसरच्या बाबतीत इंटेलचा आय३-१२१००एफ मनात होता, पण त्यासाठी मदरबोर्डही बदलावा लागला असता. आमच्या बोर्डाचे एएम४ सॉकेट (प्रोसेसर बसवायची खाच) रायझन ५००० मालिकेला चालते, म्हणून त्यातल्याच रायझन ५ ५६०० वर थांबलो.

डोंबिवलीहून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवरच्या संगणक-बाजारात चार दुकाने पालथी घातली. एका दुकानदाराने मोठ्या आपुलकीने सांगितले, "साहेब, ५६००जी घ्या, आहे ५६००च, वर ग्राफिक्स फुकट." कोअर दोन्हींत सहाच आहेत हे खरे, पण ५६०० मध्ये तिसऱ्या पातळीची कॅश (प्रोसेसरच्या आतली जलद मेमरी) ३२ एमबी आहे आणि ५६००जीमध्ये ती निम्मी म्हणजे १६ एमबी आहे. गेममध्ये हाच फरक जाणवतो आणि स्वतंत्र कार्ड घेणाऱ्याला ते फुकटचे ग्राफिक्स काही कामाचे नसते. मी साधा ५६०० घेतला. शिवाय आरएक्स ६६००, ८ जीबीची आणखी एक मेमरी पट्टी आणि आठ पिनांची जोडणी असलेला नवा पॉवर सप्लाय घेतला, कारण जुन्यात ती जोडणी नव्हती. बिल ३८ हजारांच्या थोडे वर गेले.

बसवण्यापूर्वी जुना प्रोसेसर जागेवर असतानाच मदरबोर्डाचे बायोस (त्यातच साठवलेली मूळ प्रणाली) अद्ययावत करावे लागते, नाहीतर नवा प्रोसेसर बोर्डाला ओळखताच येत नाही. हे काम चालू असताना वीज गेली तर बोर्ड निकामी होऊ शकतो. म्हणून ऑफिसातला यूपीएस एका रात्रीपुरता उसना आणला होता. कूलर काढताना मात्र धाकधूक झाली. एएम४ च्या प्रोसेसरला खाली पिना असतात आणि वाळलेल्या थर्मल पेस्टमुळे (प्रोसेसर आणि कूलरमधला उष्णता वाहून नेणारा लेप) कूलर सरळ वर ओढला, तर प्रोसेसरही त्याच्यासोबत उपटून येतो. संगणक थोडा वेळ चालवून पेस्ट गरम होऊ दिली, मग बंद करून कूलर डावी-उजवीकडे हलके फिरवत सोडवला. पिना शाबूत राहिल्या.

आता काउंटर-स्ट्राइकमध्ये फ्रेम ७५ च्या बऱ्याच वर असतात, म्हणून मी त्यांना ७५ वर मर्यादा घातली आहे. कार्डाचे पंखे त्यामुळे शांत राहतात. जड चित्रणाच्या गेममध्ये कार्डाचा वापर ९८ टक्क्यांपर्यंत जातो आणि प्रोसेसरला दम खायला वाव उरतो. तरीही पहिले तीन दिवस मधूनच एखादा गचका येत होता. शोधल्यावर कळले की बायोस बदलताना जुन्या सेटिंग पुसल्या गेल्या होत्या आणि ३२०० च्या वेगाच्या मेमरी पट्ट्या २१३३ च्या वेगाने धावत होत्या. बायोसमध्ये जाऊन मेमरीचे प्रोफाइल (पट्ट्यांना पूर्ण वेग देणारी सेटिंग) पुन्हा चालू केले, तेव्हा तोही प्रश्न मिटला.