दुसरी नजर

आमच्या पॅथॉलॉजी विभागातून कर्करोगाचे कोणतेही निदान एकाच डॉक्टरच्या सहीने बाहेर जात नाही. पहिल्याने स्लाइड पाहून आपले मत नोंदवायचे, दुसऱ्याने ते मत न वाचता तीच स्लाइड पुन्हा पहिल्यापासून पाहायची आणि दोघांचे जुळले तरच रिपोर्ट पाठवायचा, ही शिस्त माझ्या मैत्रिणीने विभागात आग्रहाने रुजवली. सुरुवातीला अनेकांना ती वेळखाऊ वाटली होती. पहिले मत वाचून स्लाइडकडे गेलेले डोळे तेच शोधतात आणि तेच पाहतात, त्यामुळे तशा दुसऱ्या सहीला काहीच किंमत नाही, असे ती म्हणे आणि त्यावर ती कधी तडजोड करत नसे. मी विभागात आल्यापासून बहुतेक वेळा माझ्या स्लाइडची दुसरी नजर तीच असायची आणि तिच्या स्लाइडची मी.

तिच्या कामाची रीत समजावी म्हणून एक केस सांगते. जठराच्या अस्तराचे चिमूटभर तुकडे बायॉप्सीसाठी आले होते. त्यात फिकट, फुगलेल्या, केंद्रक एका बाजूला सरकलेल्या पेशींचा एक लहानसा पुंजका होता. जठराच्या कर्करोगाचा एक प्रकार नेमका असाच दिसतो. पेशीच्या पोटात श्लेष्मा साचतो, केंद्रक कडेला ढकलले जाते आणि पेशी खड्याच्या अंगठीसारखी दिसू लागते. म्हणून तिला सिग्नेट रिंग पेशी म्हणतात. पहिले मत त्याच बाजूने झुकले होते आणि शस्त्रक्रिया विभागाला उत्तराची घाई होती. तिने सही केली नाही. मेद गिळून फेसाळलेल्या निरुपद्रवी भक्षक पेशीही साध्या रंगात अशाच दिसू शकतात, हे तिला त्या पुंजक्याच्या शांत, एकसारख्या केंद्रकांवरून जाणवले होते. तिने पीएएस हा खास रंग लावायला सांगितला, कारण श्लेष्मा त्यात गडद किरमिजी होतो. पेशी फिकटच राहिल्या. मग इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत, म्हणजे पेशीतली ठरावीक प्रथिने ओळखणाऱ्या तपासणीत, अस्तराच्या आणि त्यातून उपजणाऱ्या कर्करोगाच्या पेशींची खूण असलेले सायटोकेरॅटिन नकारात्मक आणि भक्षक पेशींची खूण असलेले सीडी ६८ सकारात्मक आले, म्हणजे त्या भक्षक पेशीच होत्या. त्या रुग्णाचे जठर वाचले. तो रुग्ण तिला कधी भेटला नाही आणि असे काही घडले होते हे त्याला कळलेही नसेल.

तिच्या स्वतःच्या पोटाची तक्रार अगदी साधी होती. थोडे खाल्ले तरी पोट भरल्यासारखे वाटे, अधूनमधून जळजळ होई. चाळिशीतल्या, दिवसभर बसून काम करणाऱ्या कोणालाही अशी तक्रार असू शकते आणि बहुतेकांच्या बाबतीत तिच्यामागे गंभीर काही नसते. वजन उतरू लागले तेव्हा तिने एंडोस्कोपी करून घेतली. त्या दिवशी संध्याकाळी ती माझ्या टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "उद्याच्या ट्रेमध्ये माझी बायॉप्सी असेल. पहिली तू बघ. दुसरी मी बघणार."

मी म्हणाले, "अगं, तुझी तू कशी बघणार?"

"सही करणार नाही. पण बघणार."

बायॉप्सीचे तुकडे रात्रभर प्रक्रियेत जातात. फॉर्मॅलिनमध्ये मुरलेल्या ऊतीतले पाणी चढत्या तीव्रतेच्या अल्कोहोलने काढले जाते, झायलीनने अल्कोहोल काढले जाते आणि मग वितळलेले पॅराफिन मेण ऊतीत भिनते. सकाळी तंत्रज्ञ त्याचा ब्लॉक करतात, मायक्रोटोमवर तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप घेतात, ते कोमट पाण्यावर तरंगवून काचेवर उचलतात आणि हिमॅटॉक्सिलिन व इओसिनने रंगवतात. केंद्रके निळी होतात, बाकीची पेशी गुलाबी. हे सगळे मी हजारो वेळा पाहिले आहे, पण त्या सकाळी मी मायक्रोटोमपाशी जाऊन उभी राहिले आणि आमचे सर्वांत जुने तंत्रज्ञ काका काप घेत असताना त्यांच्या हाताकडे बघत बसले. ब्लॉकवर फक्त क्रमांक होता, तरी तो कोणाचा हे त्यांना ठाऊक होते. एका स्लाइडपुरते काप पुरे असताना, कोणी न सांगता, त्यांनी आणखी खोल स्तरांचे काप घेऊन दोन जादा स्लाइड्स केल्या आणि पीएएससाठी एक कोरी काच वेगळी ठेवली. आमच्या विभागात प्रेम अशाच रीतीने व्यक्त होते.

मी स्लाइड पाहिली. माझे मत नोंदवहीत लिहिले, पान मिटले आणि तिला बोलावले.

आमच्याकडे दोन जणांना एकाच वेळी पाहता येईल असा सूक्ष्मदर्शक आहे. मुख्य जागेवर बसणारा स्लाइड हलवतो आणि एका लहान हिरव्या बाणाने हवी ती पेशी दाखवू शकतो. समोरचा फक्त पाहतो. ती मुख्य जागेवर बसली. तिने नेहमीप्रमाणे सर्वांत लहान भिंगापासून सुरुवात केली. तिची ही सवय मला पाठ होती. आधी सगळे तुकडे लहान भिंगावर, कडेपासून कडेपर्यंत, एकही पट्टा न सोडता. मग मधले भिंग. आणि मोठे भिंग अगदी शेवटी, जिथे काही विचारायचे असेल तिथेच. पहिले तीन तुकडे तिने त्याच लयीत पाहिले. त्यांत सौम्य दाह होता, बाकी काही नव्हते. चौथ्या तुकड्यावर तिचा हात थांबला.

वरच्या ग्रंथी जवळपास नीट होत्या. ज्या गोष्टीची भीती होती ती त्या ग्रंथींच्या मधल्या जागेत, सुट्या सुट्या पेशींच्या रूपात विखुरलेली होती. या प्रकारच्या कर्करोगात पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे ई-कॅडहेरिन हे प्रथिन बहुधा नाहीसे झालेले असते, त्यामुळे पेशी गाठ न करता एकएकट्या ऊतीत शिरत जातात. याच कारणाने एंडोस्कोपीत अस्तर कधी कधी फारसे बिघडलेले दिसत नाही आणि आजार मात्र आतल्या भिंतीत बराच पसरलेला असतो. फिनलंडचे पॅथॉलॉजिस्ट लॉरेन यांनी १९६५ मध्ये जठराच्या कर्करोगाचे जे दोन मुख्य प्रकार सांगितले, त्यांतला हा विखुरलेला प्रकार आम्ही दोघींनी विद्यार्थ्यांना किती तरी वेळा शिकवला होता.

तिने मोठे भिंग लावले आणि हिरवा बाण एका पेशीवर नेऊन ठेवला. केंद्रक कडेला चेपलेले, गडद, वेडेवाकडे.

"पीएएस झालं का?"

मी ती स्लाइड पुढे केली. पेशींच्या पोटात किरमिजी रंग भरलेला होता. तो तिने पाहिला, मग परत पहिल्या स्लाइडवर जाऊन उरलेले तुकडेही पूर्ण पाहिले. मी मनातल्या मनात म्हणत होते, आता पुरे, चौथ्या तुकड्यात कळले ना सारे. पण कळल्यावर थांबायचे नसते, शेवटच्या तुकड्यापर्यंत जायचे असते, हे तिनेच मला शिकवले होते.

"सायटोकेरॅटिन?"

"लावायला दिलंय. उद्या कळेल."

"आज लिहायचं झालं तर तू काय लिहिशील?"

मी नोंदवही तिच्यापुढे उघडली. तिने वाचले आणि मान हलवली. "माझंही तेच. पण दुसरी सही बाहेरच्या कोणाची तरी घे. ब्लॉक पाठव, आणि पाठवताना आपलं मत कळवू नकोस." एवढे बोलून झाल्यावर तिने पहिली काळजी केली ती आपल्या धाकट्या बहिणीची. ई-कॅडहेरिन तयार करणाऱ्या सीडीएच १ या जनुकातला दोष काही कुटुंबांत वारशाने येतो. न्यूझीलंडमधल्या माओरी कुटुंबांच्या अभ्यासातून १९९८ मध्ये ते प्रथम सिद्ध झाले. पन्नाशीच्या आत हा कर्करोग झाला तर त्या जनुकाची तपासणी सुचवली जाते, कारण दोष सापडलाच तर नात्यातल्या निरोगी माणसांनाही वेळीच सावध करता येते. "माझं रक्त तपासायला पाठवू," ती म्हणाली, "धाकटीला त्यानंतरच सांगू. उगाच आधी घाबरवायला नको." पुढे ती तपासणी नकारात्मक आली. त्या साऱ्या काळात तिला मोकळेपणाने हसताना मी पाहिले ते त्याच दिवशी.

मला वाटले होते की ती आता घरी जाईल. तिने ती स्लाइड बाजूला ठेवली आणि स्वतःच्या ट्रेमधली पुढची उचलली. कोणाची तरी स्तनातली गाठ होती, कोणाची मानेतली, कोणाच्या आतड्यातला लहानसा उंचवटा. त्या प्रत्येकीला तिने तीच लय दिली: लहान भिंग, कडेपासून कडेपर्यंत, मग मधले, मग मोठे. एका अर्जावर रुग्णाची माहिती अपुरी होती म्हणून तिने वॉर्डात फोन करून विचारून घेतली. नंतर निरोपाच्या सभेत तिच्या धैर्याबद्दल पुष्कळ बोलले गेले आणि ते खोटे नव्हते. पण मी त्या दुपारी समोर बसून जे पाहिले ते मला त्याहून मोठे वाटते. स्वतःच्या स्लाइडला तिने इतरांच्या स्लाइडपेक्षा जास्त वेळ दिला नाही, कारण जास्त देण्यासारखे काही तिने शिल्लकच ठेवले नव्हते. अनोळखी माणसाच्या अस्तराच्या तुकड्याकडे ती आयुष्यभर अशीच पाहत आली होती, जणू तो आपलाच आहे.

पोटाच्या आत दुर्बिणीने पाहिले तेव्हा पोटाच्या आतल्या आवरणावरही कर्करोगाचे ठिपके सापडले, म्हणजे शस्त्रक्रियेने बरे होण्याची वेळ गेली होती. केमोथेरपी सुरू झाली. दोन फेऱ्यांच्या मधल्या बऱ्या दिवसांत ती कामावर येई. उपचारातल्या ऑक्झॅलिप्लॅटिन या औषधाने बोटांच्या टोकांना मुंग्या येतात आणि गार वस्तूचा स्पर्श सुईसारखा बोचतो. आमच्या खोलीत वातानुकूलन चालू असे आणि सूक्ष्मदर्शकाचे फोकसचे चाक धातूचे. तिने पातळ लोकरी हातमोजे घालून पाहिले, पण मोज्यातून बारीक फोकसचा अंदाज येईना. मग आम्ही जागा बदलल्या. मी मुख्य जागेवर बसून स्लाइड हलवायची आणि फोकस करायचा, ती समोरून पाहत सांगायची: "थोडं डावीकडे. थांब. आता वर. मागच्या फील्डला परत चल." अशा रीतीने आम्ही शेवटचे काही महिने काम केले आणि त्या काळात मी तिच्या डोळ्यांनी जेवढे पाहायला शिकले तेवढे एरवी कधी शिकले नसते. ती कुठे रेंगाळते, कुठून झरझर पुढे जाते, कोणत्या पेशीवर परत येते, हे माझ्या बोटांना कळू लागले. वर्ष पुरे होण्याआधीच ती गेली.

जाण्याआधी तिने एक काम लेखी संमतीसह माझ्यावर सोपवले होते. तिच्या बायॉप्सीची ती चौथ्या तुकड्याची स्लाइड शिकवण्याच्या पेटीत ठेवायची, नाव काढून, फक्त वय आणि अवयव लिहून. शेजारच्या खाचेत तिने स्वतः त्या जुन्या केसची, फेसाळ भक्षक पेशींची स्लाइड लावली. नवे विद्यार्थी आले की मी त्यांना दोन्ही एकापाठोपाठ देते. काहीजण पहिल्या नजरेत दोन्ही स्लाइड्स एकच म्हणतात, काहीजण उलट सांगतात. त्यांना मी लगेच उत्तर देत नाही. केंद्रकाची कड बघा, त्याचा गडदपणा बघा, आणि तरीही खात्री नसेल तर कोणता रंग मागवाल ते सांगा, एवढेच म्हणते. कोणीतरी हमखास विचारते, "मॅडम, या पेशंटचं पुढे काय झालं?" मी सांगते की ती गेली, आणि ती फार चांगली डॉक्टर होती. आवाज स्थिर ठेवून हे सांगणे मला अजूनही नेहमी जमत नाही.

आता माझ्या स्लाइड्सची दुसरी नजर तिचाच एक विद्यार्थी आहे. या आठवड्यात जठराच्या एका बायॉप्सीवर माझे मत न वाचता त्याने लिहिलेले मत माझ्या मताशी जुळले नाही. त्याने संकोचून मला तसे सांगितले आणि मी त्याला म्हटले की संकोच करायचे काही कारण नाही, ही पद्धत याचसाठी आहे. आम्ही दोघे सूक्ष्मदर्शकाशी बसलो; त्याला मी मुख्य जागेवर बसवले. आणखी खोल स्तरांचे काप आणि पीएएस मागवले आहे, एंडोस्कोपी करणाऱ्या डॉक्टरांना फोन करून अस्तर नेमके कसे दिसत होते ते विचारले आहे, आणि उत्तर हाती येईपर्यंत रिपोर्ट थांबवला आहे.