अ‍ॅम्ब्युलन्सचे किती होतील गं?

स्वित्झर्लंडचं बर्फ, गाई, चॉकलेट यावर लोकांनी इतकं लिहिलंय की त्यात मी भर घालत नाही. मला लाउटरब्रुनेनच्या एका ओल्या पायवाटेबद्दल लिहायचंय आणि ट्रॅव्हल इन्शुरन्सबद्दल. आई-बाबांना, सासू-सासऱ्यांना परदेशी पाठवणारे किंवा घेऊन जाणारे आपल्याकडे घरोघरी आहेत, आणि इन्शुरन्स ही व्हिसाच्या फायलीतली एक झेरॉक्स आहे असंच सगळे धरून चालतात.

आमचंही तसंच सुरू झालं असतं. ग्रुप टूर, आई बरोबर, आईचं वय सत्तरीच्या आसपास, बीपी आणि शुगर दोन्ही, गोळ्यांवर व्यवस्थित कंट्रोल. टूरच्या पैशात इन्शुरन्स आहेच असं सांगितलं होतं. मी पॉलिसी बघायला मागितली तर एक पानाचं सर्टिफिकेट आलं. नवरा म्हणाला, आपण आईंची वेगळी काढू. म्हणून नौपाड्यात एका एजंटकडे गेलो, आईलाही नेलं, कारण प्रश्न तिच्या तब्येतीचे होते.

एजंट माणूस बोलायला गोड. फॉर्मवर बीपी-शुगरचा रकाना आला तसं पेन थांबवून म्हणाला, "ताई, हे आजकाल कोणाला नाही? लिहिलंत की प्रीमियम वाढतो, वर मेडिकल मागतात. व्हिसाला तीस हजार युरोचं कव्हर लागतं, ते मिळतंय ना, मग कशाला?" आणि आई लगेच, "खरंच गं, नको लिहूस, उगाच खर्च." मला इतका राग आला की मी काही क्षण बोललेच नाही. विमा कंपनी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवून पॉलिसी देते, तो शब्दच खोटा निघाला तर क्लेम नाकारायला तिला दुसरं कारण शोधावं लागत नाही, आणि हे त्या माणसाला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. प्रीमियम कमी दिसला की गिऱ्हाईक खूश. पुढे परदेशातल्या हॉस्पिटलच्या काउंटरवर तो थोडाच उभा राहणार आहे? आम्ही उठलो. दुसरीकडे सगळं लिहून पॉलिसी काढली, थोडी महाग पडली, पडू दे.

ते तीस हजार युरो म्हणजे काय तेही सांगते. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे स्वित्झर्लंडसकट युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, 2009 चा नियम आहे, कमीत कमी 30,000 युरोचं मेडिकल कव्हर हवं, सगळ्या शेंगेन देशांत चालणारं, आणि गरज पडल्यास पेशंटला किंवा वाईटात वाईट झालं तर पार्थिव मायदेशी आणण्याचा खर्च त्यात धरलेला. ही व्हिसा मिळण्यापुरती खालची रेघ झाली, आपल्या माणसाला तेवढं पुरेल का हा हिशोब वेगळा. वय साठच्या पुढे गेलं की बऱ्याच प्लॅनमध्ये पहिल्या पानावर मोठी रक्कम आणि आत एक वेगळा तक्ता असतो, रूमचे रोजचे इतकेच, आयसीयूचे इतकेच, सर्जनची फी इतकीच. म्हणजे वर पन्नास हजार डॉलर लिहिलेत म्हणून ते हवे तसे खर्चता येतात असं नाही. शिवाय जुन्या आजारासाठी स्वस्त प्लॅन एक तर काही देतच नाहीत, नाहीतर जिवावर बेतलं तरच देतात, तेही ठरावीक रकमेपर्यंत. हे सगळं पॉलिसी वर्डिंग नावाच्या लांबलचक पीडीएफमध्ये असतं आणि ती पीडीएफ मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

मी आईसाठी एक कार्ड केलं. स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठ्या अक्षरात प्रिंट काढून लॅमिनेट. पॉलिसी नंबर, कंपनीच्या चोवीस तास चालणाऱ्या मदत केंद्राचा नंबर, आमच्या फॅमिली डॉक्टरांनी लिहून दिलेली औषधांची मूळ नावं, म्हणजे टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन अशी, कारण आपले ब्रँड तिकडच्या डॉक्टरला कळत नाहीत. खाली 144, हा तिथल्या अ‍ॅम्ब्युलन्सचा नंबर. कार्ड पर्समध्ये नाही, गळ्यातल्या पाउचमध्ये.

झुरिक, ल्युसर्न, टिटलिस, बोटीतली चक्कर, सगळं छान झालं, जेवण रोज पनीर.

लाउटरब्रुनेनला पाऊस होता. ती दरी म्हणजे दोन्ही बाजूंना उभे कडे आणि कड्यावरून सुटलेले धबधबे, त्यातला स्टाउबबाख जवळपास तीनशे मीटरचा, खाली येईपर्यंत पाण्याचं नुसतं तुषार होतं. त्याच्या मागे जायला चढणीची वाट आहे. ग्रुपमधल्या डोंबिवलीच्या काकू, एकट्याच आलेल्या, आमच्या पुढे चालत होत्या. ओल्या खडीवरून पाय सरकला आणि त्या उजव्या हातावर पडल्या. फार उंचावरून नाही, जागच्या जागी. पण मनगटाचा आकारच बदलला होता. मी जाऊन बसले तोवर हात सुजायला लागला होता आणि त्या हातात सोन्याची पाटली. सूज चढतेय आणि पाटली रुततेय. आईने पाउचमधून व्हॅसलीनची डबी काढली, काकूंचा हात मांडीवर घेतला, आणि इतक्या सावकाश ती पाटली सरकवून काढली की मी बघतच राहिले. काकूंच्या डोळ्यांत पाणी, पण आवाज नाही काढला.

मी म्हटलं, काकू, 144 ला फोन लावते. तर माझा हात धरून म्हणाल्या, "अ‍ॅम्ब्युलन्सचे किती होतील गं? इकडे पैसे घेतात म्हणे." आणि मग, "मुलाला नको कळवूस, त्याने एवढे पैसे घालून पाठवलंय मला."

मोडलेला हात मांडीवर घेऊन, पावसात, त्या बाईला पहिला प्रश्न पैशाचा पडला होता. मला अजून ते आठवलं की गलबलून येतं. आणि त्यांची भीती काही चुकीची नव्हती, स्वित्झर्लंडमध्ये अ‍ॅम्ब्युलन्सचं बिल येतंच. पण इन्शुरन्सचे पैसे त्यांनी भरले होते! टूरच्या किमतीत ते धरलेलेच होते. त्यांना तेवढंच कोणी सांगितलं नव्हतं.

टूर मॅनेजरचं म्हणणं, आधी हॉटेलवर जाऊ, मग बघू, बसची वेळ झालीय. पॉलिसी नंबर विचारला तर, ऑफिसकडे असेल. मदत केंद्राचा नंबर विचारला तर, ऑफिसला मेल टाकतो. मी भांडले. नवऱ्याने टॅक्सी बोलावली, बस पुढे गेली, आम्ही चौघं हॉस्पिटलला. आणि काकूंचं न ऐकता मी त्यांच्या मुलाला फोन केला. तिकडे संध्याकाळ, बिचारा ऑफिसातून निघत होता. व्हिसाच्या वेळच्या मेलमधून त्याने सर्टिफिकेट शोधून व्हॉट्सअ‍ॅप केलं, आणि त्या पानाच्या तळाशी, बारीक अक्षरात, तो नंबर होता.

फोन लागला की गोष्टी सोप्या होतात हे मात्र सांगायला हवं. पलीकडच्या मुलीने पासपोर्ट नंबर, पॉलिसी नंबर, काय झालं, कुठे आहात विचारून केस नंबर दिला. सांगितलं की अ‍ॅडमिट न करता नुसता एक्सरे, प्लास्टर असेल तर बिल तुम्ही भरा, कागद जपून ठेवा, नंतर क्लेम करा. अ‍ॅडमिट करावं लागलं तर आम्ही हॉस्पिटलला पेमेंटची हमी पाठवू. हे ऐकल्यावर काकू पहिल्यांदा खुर्चीला टेकून बसल्या.

डॉक्टरने विचारलं, कुठली औषधं घेता? काकू म्हणाल्या, एक पांढरी, एक गुलाबी. पुन्हा डोंबिवलीला फोन, मुलाने घरी फोन करून, बायकोला स्ट्रिपचे फोटो काढायला लावून ते पाठवले. तोपर्यंत डॉक्टर शांतपणे थांबले, एकदाही घड्याळाकडे पाहिलं नाही. त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटला. फ्रॅक्चर निघालं, प्लास्टर घातलं, बिल आम्ही आमच्या फॉरेक्स कार्डावर भरलं, मुलाने ते पैसे लगेच पाठवले.

दुसऱ्या दिवशी युंगफ्राउयोख, आल्प्समधली बर्फाची खिंड. उंची 3,454 मीटर. काकू प्लास्टर घेऊन आल्या, आई त्यांच्या बरोबरीने हळूहळू चालली. परत आलो.

क्लेमचं नंतर मुलाकडून कळलं. हॉस्पिटलचं मूळ बिल, डॉक्टरचा रिपोर्ट, पासपोर्टची पानं, बोर्डिंग पास, सगळं मागितलं. शिवाय फॅमिली डॉक्टरचं पत्र, बीपी कधीपासून आहे म्हणून. सुदैवाने मुलाने फॉर्ममध्ये बीपी लिहिलेलं होतं. शंभर डॉलर डिडक्टिबल, म्हणजे तेवढे आपल्या खिशातून जाणारच, ते वजा करून पैसे आले. टॅक्सीची पावती नव्हती, ते गेले.

माझा राग टूरवाल्यांवर आहे आणि तो अजून गेलेला नाही. निघण्याआधी ठाण्यात एका हॉलमध्ये मीटिंग झाली होती. टोप्या वाटल्या, सॅक वाटल्या, खाकरे किती न्या, थर्मल कुठून घ्या, प्लगचा अडॅप्टर कुठला, फोटोसाठी कोणत्या दिवशी कोणता रंग घाला, सगळं तपशिलात झालं. समोर बसलेल्यांत निम्म्याहून जास्त लोक साठीच्या पुढचे. इन्शुरन्सवर एक वाक्य, "तो इन्क्लुडेड आहे, काळजी करू नका." काय इन्क्लुडेड आहे, किती, साठीनंतर काय कापलं जातं, नंबर कोणता, फोन कोणी करायचा, काहीही नाही. तुमच्या घरचं कोणी या सीझनला निघालं असेल तर त्या मीटिंगला तुम्ही पण जा, आणि सॅक वाटायला सुरुवात व्हायच्या आधी उभं राहून पूर्ण पॉलिसी मागा, सगळ्यांच्या देखत मागा, म्हणजे शेजारच्या खुर्चीवरच्या काकूंनाही ती मिळेल.