पुण्यातले टॉवर आणि एक-पंचमांशाचा हिशेब

पुण्यात उंच इमारतींचा वाद निघाला की दोन पक्ष ठरलेले असतात. एकाला प्रभात रोडच्या गल्ल्या, भांडारकर रस्त्याची झाडं आणि सदाशिव-नारायण पेठेतले उरलेसुरले वाडे जसेच्या तसे हवेत. दुसरा विचारतो की इमारतीला लिफ्ट नाही, गच्ची दर पावसाळ्यात गळते, पंचाहत्तरीचे आजोबा तिसऱ्या मजल्यावर अडकून पडलेत, त्यांनी तुमच्या आठवणींसाठी जिने चढायचे का? म्हणणं दोघांचंही खरं आहे. पण दोघंही मजल्यांच्या आकड्यावर भांडतात, आणि मंजुरीच्या फायलीत तो आकडा सगळ्यात शेवटी ठरतो. त्याआधी रस्त्याची रुंदी येते, मग प्लॉटची रुंदी, मग मार्जिन, म्हणजे इमारतीभोवती सोडायची मोकळी जागा.

पुणं पूर्वी बैठं होतं, ते काही कुणाच्या सौंदर्यदृष्टीमुळे नाही. वाडा म्हणजे खाली दगड, वर लाकडी खांब-तुळया आणि वीटमातीच्या भिंती. या सामानात दोन-तीन मजल्यांच्या वर जाणं पेशव्यांनाच परवडायचं. शनिवारवाड्याला सात मजले होते आणि वरून आळंदीचा कळस दिसायचा असं सांगतात. १८२८ च्या आगीत तो जळाला. आणि बैठं म्हणजे विरळ, हेही खरं नाही. एकेका वाड्यात वीस-पंचवीस बिऱ्हाडं राहायची. त्यामुळे ‘टॉवर आला की गर्दी आली’ हा युक्तिवाद पेठांत तरी जपून करावा.

आता नियम. डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके भाग सोडून राज्यभर एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. बोलीभाषेत यूडीसीपीआर. पुण्यासारख्या महापालिकेत, दाट वस्तीचा भाग वगळता, मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येतं तो आकडा, १.१०. रस्ता ९ मीटरपेक्षा अरुंद असेल तर तेवढ्यावरच भागवायचं. ९ मीटर झाला की ०.५० प्रीमियम एफएसआय (शुल्क भरून मिळणारा) आणि ०.४० टीडीआर (दुसऱ्या जागेचा, विकत घेतलेला बांधकामहक्क), म्हणजे एकूण २.००. १२ मीटरला २.२५, १५ ला २.५०, २४ ला २.७५ आणि ३० मीटरला ३.००. शिवाय यावर निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत अॅन्सिलरी (पूरक) एफएसआय, तोही पैसे भरून. पूर्वी बाल्कनी, जिने, पॅसेज एफएसआयबाहेर दाखवायचे खेळ चालत, त्यांच्या जागी हे आलं. म्हणून जाहिरातीत ‘एफएसआय २’ वाचून कुणी प्लॉटच्या दुप्पट बांधकाम धरलं तर तो फसतो. प्रत्यक्षात ते ३.२ पटीपर्यंत जातं. पार्किंगचे मजले यात धरतच नाहीत.

दुसरं कलम मार्जिनचं. ठराविक उंचीच्या वर गेलं की बाजूला आणि मागे उंचीच्या एक-पंचमांश मोकळं सोडायचं, जास्तीत जास्त १२ मीटर. या एका ओळीत निम्मा वाद आहे, पण सभांमध्ये तिचं नाव क्वचितच निघतं.

हिशेब करून बघू. प्लॉट ३० बाय ४० मीटर, म्हणजे १,२०० चौरस मीटर, समोर १२ मीटरचा रस्ता. २.२५ ने २,७००, त्यावर ६० टक्के म्हणजे १,६२०. एकूण ४,३२० चौरस मीटर बांधायचा हक्क. पुढचं मार्जिन ६ मीटर, मजला ३ मीटरचा आणि खाली पार्किंगचे दोन मजले धरू. सोपं जावं म्हणून उंची जमिनीपासूनच मोजू.

इमारत ३० मीटर उंच केली तर बाजूला ६-६ मीटर जातात. उरतो १८ बाय २८ चा ठसा, म्हणजे इमारत बसेल एवढी जागा, ५०४ चौरस मीटर. पार्किंगवरचे आठ मजले म्हणजे ४,०३२. उंची ३६ मीटर केली तर मार्जिन ७.२, ठसा सुमारे ४१८, दहा मजले, ४,१८०. छान. आता ४५ मीटरला या. मार्जिन ९, ठसा ३००, तेरा मजले, ३,९००. उंची वाढली आणि बांधकाम कमी झालं! ६० मीटरला तर बाजूंना १२-१२ सोडून मध्ये ६ मीटर रुंदीची पट्टी उरते. ठसा १३२, अठरा मजले, २,३७६. शिवाय त्या पट्टीत दोन जिने, लिफ्ट आणि डक्ट बसवल्यावर घर कुठे काढणार?

म्हणजे या प्लॉटवर बारा मजल्यांच्या आसपास नियमच इमारतीला थांबवतो, आणि तिथेही हक्काचे दीडशे-एक चौरस मीटर वापरायचे राहतात. मग याच आकाराच्या प्लॉटवर अठरा-वीस मजल्यांचा प्रस्ताव येतो कसा? तीन वाटा आहेत. शेजारचे प्लॉट एकत्र करणं, ही सरळ वाट. दुसरी, पार्किंगचे मजले दोनाचे चार होणं. सभासदांना प्रत्येकी दोन गाड्यांची जागा हवी असते आणि मोजणीत नसलेले हे मजले उंची मात्र खातात. तिसरी वाट म्हणजे हार्डशिप, आयुक्तांच्या अधिकारात प्रीमियम भरून मार्जिनमध्ये सवलत. माझा आक्षेप या तिसऱ्या वाटेला आहे. खरोखर वेड्यावाकड्या प्लॉटसाठी ठेवलेली सोय चौकोनी प्लॉटलाही मिळायला लागली की शेजाऱ्याचा उजेड विकून महापालिका पैसे घेते. शेजाऱ्याला त्यातलं काहीच मिळत नाही.

आणि १२ मीटरची कमाल मर्यादा नेमकी उलट बाजूने काम करते. ६० मीटरच्या वर कितीही मजले चढवा, मार्जिन वाढत नाही. मोठ्या सलग जमिनीवर उंची जवळजवळ फुकट मिळते ती यामुळे. म्हणून खरे टॉवर नदीकाठच्या आणि उपनगरातल्या मोठ्या जमिनींवर उभे राहतात, पेठेत नाही. पेठेत आणि डेक्कनला भांडण बारा-पंधरा मजल्यांचं असतं. अर्थात लोहगावचा विमानतळ हवाई दलाचा असल्यामुळे शहराच्या बऱ्याच भागाला त्यांची उंचीची मर्यादा आहेच, ना हरकत दाखल्याशिवाय तिच्यावर जाता येत नाही. पर्वतीची टेकडी शहरापेक्षा साधारण ८० मीटर उंच आहे, म्हणजे पंचवीस-सव्वीस मजल्यांची इमारत तिच्या बरोबरीला येते. ज्यांना पर्वती दिसायला हवी आहे त्यांनी ‘टॉवर नको’ म्हणण्याऐवजी कुठल्या रस्त्यावरून, कुठल्या रेषेत ती दिसली पाहिजे हे नकाशावर आखून मागावं. डोळ्यांपुढची मोकळी रेषा नियमात लिहिता येते, हळहळ लिहिता येत नाही.

रस्त्याच्या रुंदीचा किस्सा आणखी मजेशीर आहे. ९ मीटरच्या आत टीडीआर नाही, आणि पुण्यात ६ मीटरचे रस्ते गल्लोगल्ली. २०२० मध्ये महापालिकेच्या स्थायी समितीपुढे ३२३ रस्ते ६ चे ९ मीटर करण्याचा प्रस्ताव आला आणि त्यावरून मोठा गदारोळ झाला. हेच रस्ते का, बाकीचे का नाहीत, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा होता. महापालिका अधिनियमाच्या कलम २१० खाली रस्त्याची नियमित रेषा (अधिकृत कड) आखली की दोन्ही बाजूंनी दीड-दीड मीटर रस्त्यात जातं, पण कागदावर. प्रत्यक्ष ताबा त्या त्या प्लॉटचा पुनर्विकास होईल तेव्हा मिळतो. पहिल्या सोसायटीने पट्टी सोडली, दुसरीचं बांधकाम पंधरा वर्षांनी, तिसरीचं कोर्टात. मधल्या काळात रस्ता करवतीच्या दात्यांसारखा आत-बाहेर होतो, सुटलेल्या पट्टीत दुचाक्या लागतात किंवा पाणीपुरीची गाडी उभी राहते, आणि वाहतुकीला ६ मीटरच उरतात. वाढीव एफएसआय मात्र पहिल्या दिवसापासून वापरला जातो. यावर उपाय आहे. चौकापासून चौकापर्यंतच्या सलग लांबीचा ताबा मिळाल्यावरच वाढीव टीडीआर वापरू द्यावा. बिल्डरांना तो आवडणार नाही, आणि पहिल्या नंबरच्या सोसायटीलाही नाही.

अग्निशमनाचं तसंच. राष्ट्रीय इमारत संहितेत १५ मीटर आणि त्यावरची इमारत उंच समजतात. बंबासाठी ६ मीटरची मोकळी वाट आणि ती ४५ टनांचा भार पेलणारी हवी. २४ मीटरच्या वर पहिला रिफ्यूज एरिया (आगीत थांबायची सुरक्षित जागा), पुढे दर १५ मीटरला एक. नकाशावर हे सगळं असतं. बिघडतं ते नंतर. मोकळ्या वाटेखाली पाण्याची टाकी येते आणि तिची झाकणं किती भार पेलतील ते कुणी तपासत नाही. त्याच वाटेवर ‘तात्पुरतं’ पाहुण्यांचं पार्किंग होतं. रिफ्यूजच्या गच्चीवर कुंड्या आणि जुनी कपाटं येतात. पाइपातला दाब टिकवणारा छोटा जॉकी पंप सतत चालू-बंद होऊन बिल वाढतं म्हणून कुणीतरी तो पॅनेलवरून बंद करून ठेवतं, मग पाइपात दाबच नसतो. सर्वांत वरच्या हायड्रंटला (आग विझवायची नळी जोडायच्या तोटीला) चौरस सेंटीमीटरला साडेतीन किलोचा दाब यायला हवा. राज्याच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्याप्रमाणे यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी जानेवारीत आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यायचा असतो. सही घेण्याआधी गच्चीवरचा व्हॉल्व्ह उघडून दाखवा म्हणावं. आणि इतकं करूनही गल्लीच्या तोंडाशी बंब वळत नसेल तर आतली ६ मीटरची वाट शोभेची.

उजेडाचं गणित कुणी मांडत नाही, म्हणून मांडतो. पुणे साडेअठरा अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१-२२ डिसेंबरला माध्यान्हीला सूर्य क्षितिजापासून सुमारे ४८ अंशांवर असतो. ४५ मीटर उंच इमारतीची सावली तेव्हा उत्तरेकडे ४० मीटर पडते. सकाळी साडेनऊच्या सुमारास तीच वायव्येला ८० मीटर जाते. मार्जिन मात्र ९ मीटर. उत्तरेच्या तीन मजली सोसायटीने गच्चीवर सोलर वॉटर हीटर किंवा पॅनेल बसवले असतील तर थंडीत, म्हणजे नेमक्या गरजेच्या दिवसांत, ते अंधारात बसतात. उन्हाळ्यात हा प्रश्न जवळजवळ नसतो, म्हणून मे महिन्यात जागा बघायला आलेल्याच्या तो लक्षातही येत नाही.

पाणी. माणशी १३५ लिटर आणि घरी चार माणसं धरली तर बारा फ्लॅटच्या जुन्या इमारतीला रोज ६,४८० लिटर लागतात. तिच्या जागी साठ फ्लॅट आले की ३२,४०० लिटर. गल्लीतली पाइपलाइन तीच, आणि मग १० हजार लिटरचे तीन टँकर त्याच ६ मीटरच्या रस्त्याने. इथे एक मोठी फट आहे. बांधकाम २० हजार चौरस मीटरच्या वर गेलं तरच पर्यावरण मंजुरी लागते. आपल्या उदाहरणातली इमारत साडेचार हजाराच्या आतली. एका गल्लीत अशा दहा आल्या तर ४० हजारांच्या वर बांधकाम होतं, पण पाणी, मैला, वाहतूक यांचा एकत्रित अभ्यास कुणावरही बंधनकारक नाही. एकाच बिल्डरने तेवढंच एका जागी बांधलं असतं तर सगळं करावं लागलं असतं. टॉवरला विरोध करणारे इथेच चुकतात असं मला वाटतं. दिसणारा एक टॉवर तपासणीतून जातो, न दिसणारे दहा बारामजली सुटतात.

पेठांची अडचण वेगळीच. मेट्रो स्थानकापासून ५०० मीटरच्या आत टीओडी (स्थानकाभोवती दाट बांधकामाच्या) धोरणाने एफएसआय कमाल ४ पर्यंत जाऊ शकतो, पण त्याला रुंद रस्ता आणि मोठा प्लॉट लागतो. कसबा पेठ आणि मंडई ही स्थानकं जिथे आहेत तिथे या दोन्हींचा दुष्काळ. आणि शनिवारवाडा केंद्रीय संरक्षित स्मारक असल्याने २०१० च्या दुरुस्तीनुसार त्याच्याभोवती १०० मीटरमध्ये नवं बांधकामच नाही, पुढच्या २०० मीटरमध्ये राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची परवानगी. मोडकळीला आलेल्या वाड्यातल्या भाडेकरूला दुरुस्तीशिवाय पर्याय नाही, आणि दुरुस्तीला मालक पैसे घालत नाही. एकाच नकाशावर एक वर्तुळ म्हणतं चौपट बांधा, दुसरं म्हणतं वीट हलवू नका. पेठांसाठी चार-पाच मजल्यांचं, सामाईक भिंतीचं, वाड्यातला चौक राखणारं वेगळं प्रकरण नियमावलीत हवं. गल्लीतले सगळे वाडे मिळून एक पार्किंग, प्रत्येकाच्या तळमजल्यावर नाही. ते होईपर्यंत समूह पुनर्विकासाच्या नुसत्या घोषणा ऐकायच्या.

शेजारी नवा प्रकल्प येत असेल तर आधी कागद मिळवा. प्लॉट ५०० चौरस मीटरच्या वर आणि फ्लॅट आठपेक्षा जास्त असतील तर विक्रीआधी महारेराची (राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाची) नोंदणी लागते आणि मंजूर नकाशा त्यांच्या संकेतस्थळावर दिसतो. नसेल तर १० रुपये भरून माहिती अधिकारात बांधकाम परवानगी विभागाकडे मागा. नकाशात रस्ता किती मीटरचा लिहिलाय ते बघा आणि टेप घेऊन स्वतः मोजा, गटाराच्या आतून नव्हे, कुंपण ते कुंपण. फरक असेल तर नियमित रेषेचा आदेश मागा. मग उंचीला पाचाने भागा आणि तुमच्या बाजूचं मार्जिन जुळतं का पाहा. जुळत नसेल तर हार्डशिपची टिपणी, त्यात दिलेलं कारण आणि भरलेला प्रीमियम, तिन्हींच्या प्रती मागा. धोरणातच बदल येत असेल तर प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली सूचना निघते आणि हरकतीला महिनाभर मिळतो. दोनशे सह्यांचं ‘आमचा विरोध आहे’ हे एक पत्र एकच हरकत म्हणून धरलं जाऊ शकतं, म्हणून वेगवेगळी पत्रं द्या. प्रत्येकात सिटी सर्व्हे नंबर, नियमाचा क्रमांक, तुमचं मोजमाप आणि नेमकी मागणी लिहा. प्रत्यक्ष सुनावणी हवी असल्याचं त्याच पत्रात नमूद करा आणि आवक क्रमांकाचा शिक्का मारलेली प्रत घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.