मारुती ८०० लॉग, भाग ६ : एक रिंग जास्त

मागच्या भागात मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं, की आता फक्त रंगकाम बाकी आहे आणि आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गाडी चोपड्याला नेऊन नानांना दाखवणार. आखाजी येऊन गेली. त्या दिवशी गाडी अंगणात विटांवर उभी होती, इंजिन पडवीतल्या टेबलावर होतं आणि क्रँक, म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा, एमआयडीसीत ग्राइंडिंगला गेला होता. इतके महिने काही लिहिलं नाही ते आळसामुळे नाही, लाजेमुळे.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात. गाडी १९९६ची मारुती ८००, कार्बोरेटरवाली, चार गिअरची. ७९६ सीसी, तीन सिलिंडर. नाना म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, केळीवाले शेतकरी. त्यांनी ही गाडी वीस-बावीस वर्षं शेतरस्त्यावर, खतांच्या गोण्या घालून, कॅनॉलच्या कडेकडेने वापरली. सर्व्हिस बुकाला त्यांनी कधी हात लावला असेल असं वाटत नाही, कारण ते मला प्लॅस्टिकच्या पिशवीत कोरं सापडलं. त्यांची देखभाल एवढीच, की बाजाराच्या दिवशी निघण्याआधी बॉनेट उघडायचं, ऑइल बघायची दांडी काढून धोतराच्या सोग्याला पुसायची, पुन्हा घालून बघायची आणि कमी दिसलं तर ओतायचं. माझ्याकडे टॉर्क पाना आहे, मल्टीमीटर आहे, फिल्टर काढायचा पट्टा आहे. गाडी माझ्याकडे आली आणि पाच महिन्यांत इंजिन जाम झालं.

आता काय झालं ते.

डिसेंबरातला रविवार. पारोळ्याच्या अलीकडे एका मित्राच्या शेतात भरीत पार्टी होती. शनिवारी रात्री मी ऑइल बदललं. इंजिनाच्या तळाची ढिबरी काढली, जुनं ऑइल निथळू दिलं, ढिबरीचं वायसर नवं घातलं. फिल्टर खालून हाताने चाचपडतच काढावा लागला. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगेला बोटाने ऑइल लावलं, रिंग टेकल्यावर वर पाऊण फेरा हातानेच आवळला. सगळं पुस्तकाप्रमाणे. बघायची राहिली ती एकच गोष्ट : जुन्या फिल्टरची रिंग त्याच्यासोबत बाहेर आली का? ती आली नव्हती. तापून तापून ती इंजिनाच्या बसणीला चिकटून बसली होती, आणि काळ्यावर काळं, बॅटरीच्या उजेडात दिसलं नाही. म्हणजे नवा फिल्टर जुन्या रिंगेवर बसला. रबरावर रबर.

गंमत अशी की हे लगेच गळत नाही. मी दोन मिनिटं इंजिन चालवलं, खाली पुठ्ठा ठेवला होता, एक थेंब पडला नाही. समाधानाने झोपलो. पण दोन रिंगा एकावर एक असल्या की त्यांना एकमेकींची पकड नसते. हायवेला रेस वाढली, ऑइल पंपाचा दाब वाढला, की एक रिंग बाजूला सटकते आणि त्या फटीतून पंप स्वतःच इंजिनातलं ऑइल रस्त्यावर फेकतो. या इंजिनात मुळात ऑइल जेमतेम तीन लिटर. ते जायला फार वेळ लागत नाही.

सकाळी सातला जळगाव सोडलं. बांभोरीच्या पुलावर गिरणेतून धुकं उठत होतं, पाळधी गेलं, एरंडोल गेलं. एरंडोलनंतर एका वळणावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा, तो तेलाच्या चंबूचा, एकदा लुकलुकला. सरळ रस्त्याला विझला. पुढच्या वळणावर परत. भाग ३ आठवत असेल तर याच दिव्याच्या वायरीचं वेष्टण सोललं होतं. ती वायर बॉडीला टेकली की दिवा लागतो, आणि मी तिला टेप मारली होती. मनात पहिला विचार आला तो टेपचा. सुटली असेल, शेतावर पोहोचलो की बघू.

मग दिवा कायमचा लागला. मी चाललोच. मागे डिकीत परात, पातेली, झारा असा सगळा संसार होता. सौ. म्हणाली, "अहो, हा आवाज भांड्यांचाच आहे ना?" मी म्हणालो, भांड्यांचाच. टॅपेटची टिकटिक वाढत वाढत खालून ठोका यायला लागला, ऐरणीवर घण पडावा तसा, तेव्हा भांडी म्हणायची सोय राहिली नाही. पाय काढेपर्यंत इंजिन अडखळलं आणि बंद. दिवा लागल्यापासून साधारण चार किलोमीटर.

उतरून बघितलं तर मागची काच, नंबर प्लेट, बंपर सगळं ऑइलने माखलेलं. दांडी कोरडी ठणठणीत. जिनिंगला कापूस घेऊन चाललेल्या एका म्हाताऱ्या ट्रॅक्टरवाल्याने थांबून चौकशी केली. दांडी बघितली, माझ्याकडे बघितलं. म्हणाला, "तेल नही ते गाडी काय पानीवर चालस का रे भाऊ?" आणि मग ट्रॉली असूनही पुढे दोर बांधून एरंडोलपर्यंत परत ओढून आणून दिली. पैसे घेतले नाहीत.

इथवर नुकसान कदाचित आवरण्यासारखं होतं. पुढची चूक मात्र शुद्ध उत्साहाची. एरंडोलला तासाभराने इंजिन निवलं, मी फिल्टर काढला, दुसरी रिंग हाताला लागली, ती सोलून काढली, तीन लिटर ऑइल विकत आणून ओतलं आणि चावी फिरवली. सुरू झाली! ठोका होता, पण सुरू झाली. मला इतका आनंद झाला की 'ऑइल सगळीकडे पोहोचू दे' म्हणून दहा मिनिटं चालू ठेवली. आप्पा मिस्तरींना नंतर हे सांगितलं तेव्हा ते पाना खाली ठेवून म्हणाले, "पडेल बैलला पराणी मारी तू."

दिव्याबद्दल थोडं लिहितो, कारण माझ्यासारखेच कितीतरी जण त्याला ऑइल मोजणारा दिवा समजतात. तो फक्त दाब बघतो. ब्लॉकवर एक छोटा स्विच असतो, दाब अगदी खाली, साधारण पाव-अर्धा किलोच्या आसपास उतरला की तो दिव्याला अर्थिंग देतो आणि दिवा लागतो. चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात, निम्मं ऑइल असलं तरी पंपाची जाळी बुडालेली आहे तोवर दाब ठीक असतो आणि दिवा गप्प. वळणावर ऑइल एका बाजूला जातं, जाळी उघडी पडते, पंप हवा ओढतो, तेव्हा लुकलुक. म्हणजे पहिल्या लुकलुकीला गाडी थांबवली असती तर इंजिन वाचलं असतं. बहुतेक लिटरभर ऑइल तेव्हाही आत असेल.

जानेवारीत चेंबर उघडलं. तळाशी उरलेलं ऑइल उन्हात धरलं तर त्यात सोनेरी चमक, रांगोळीत टाकतात तसली. ती चमक म्हणजे बेअरिंगचा अंगचा थर. मधल्या सिलिंडरचं बिगेन बेअरिंग, म्हणजे कनेक्टिंग रॉड क्रँकला जोडतो तिथलं, काढलं. हे बेअरिंग म्हणजे पोलादी पट्टीच्या दोन अर्धगोल कवच्या, आतून मऊ धातूचा थर, नवी असताना मंद राखाडी. माझी एक कवची निम्मी तांबूस झाली होती, एका कडेला थर वितळून पुढे सरकून मेणासारखा थिजला होता. नखाला ती लाट लागत होती. क्रँकच्या त्या जर्नलवर, म्हणजे बेअरिंग बसतं त्या गुळगुळीत गोल भागावर, निळसर पट्टा, म्हणजे तापून पाणी उतरलेलं, आणि त्यावर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या रेघा. शेजारच्या दोन जर्नलवर मात्र जवळजवळ काही नाही.

हे बघेपर्यंत मला वाटायचं की ऑइल म्हणजे घासणाऱ्या दोन भागांमधलं वंगण, तूप लावल्यासारखं. खरं तर चालत्या इंजिनात क्रँक बेअरिंगला टेकतच नाही. पंप ऑइल आणून देतो, पण क्रँकला उचलून धरायचं काम पंप करत नाही. क्रँकच फिरता फिरता ऑइल अरुंद फटीत ओढून घेतो आणि त्याची पाचर तयार होते. केसापेक्षा कितीतरी पातळ अशा त्या थरावर तो तरंगतो. मऊ धातू आहे तो सुरू होतानाच्या क्षणासाठी आणि चुकून आलेला कण पोटात घेण्यासाठी. पाचर गेली की धातूवर धातू, आणि मिनिटाला तीन हजार फेऱ्यांना तो मऊ थर किती टिकणार.

क्रँक जळगावच्या एमआयडीसीत नेला. ग्राइंडिंगवाल्याने मायक्रोमीटर लावला, मान हलवली, म्हणाला पाव मिलिमीटरमध्ये येईल. म्हणजे जर्नल ०.२५ने बारीक करायचं आणि त्या हिशेबाने जास्त जाड, अंडरसाइज बेअरिंगं घालायची. पहिल्या खेपेला रेघ उरली, म्हणून ०.५० करावं लागलं. त्यात महिना गेला, कारण त्या मापाचा सेट इथे मिळेना, शेवटी धुळ्याहून मागवला. मधला कनेक्टिंग रॉड बदलला. पिस्टन थोडे खरवडले होते पण सिलिंडर मापात होते, त्यामुळे बोअरिंग वाचलं, फक्त होनिंग, म्हणजे सिलिंडर आतून हलकेच घासणं, आणि नव्या पिस्टन रिंगा. एकूण खर्च १९,४०० रुपये, आप्पांची मजुरी धरून. फिल्टर १५० रुपयांचा होता.

ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटा धुण्याचं काम मी स्वतः केलं आणि त्यालाच सगळ्यात जास्त वेळ दिला. रॉकेल, बारीक ब्रश, मग कंप्रेसरची हवा. चौथ्यांदा धुतल्यावरही पांढऱ्या फडक्यावर दोन चमकते कण आले. नवी बेअरिंगं घालून एक कण आत राहिला तर सगळं पाण्यात. ऑइल पंपही उघडला, जाळीत बेअरिंगचा चुरा होता. फटी मोजायला मेणासारखा बारीक धागा मिळतो : तो जर्नलवर ठेवून बेअरिंगचं टोपण आवळायचं, उघडायचं, आणि तो किती चपटला त्यावरून फट वाचायची. आप्पा हे बघून हसले. ते टोपण आवळून क्रँक दोन बोटांनी फिरवतात आणि सांगतात. त्यांचं आणि धाग्याचं उत्तर एकच आलं, ही नोंद करून ठेवतो.

माझी फजिती कळल्यावर मित्रमंडळींनी आपापल्या कबुल्या दिल्या. पाचोऱ्याच्या एका दोस्ताने माझ्याही वर कडी केली. त्याने इंजिनाची ढिबरी समजून गिअरबॉक्सची काढली. 'ऑइल किती स्वच्छ निघालं' म्हणून खूश झाला, आणि वरून इंजिनात नवं ओतलं. म्हणजे गिअरबॉक्स कोरडा आणि इंजिनात दुप्पट. दुप्पट असलं की क्रँक ऑइलमध्ये बुडून ते घुसळतो, ताकासारखा फेस होतो, आणि फेसाची पाचर होत नाही. सायलेन्सरमधून निळा धूर आला म्हणून त्याचं इंजिन वाचलं, गिअरबॉक्स नाही. दुसऱ्या एकाने ब्रेक ऑइलच्या डबीत इंजिन ऑइल घातलं, 'ऑइल ते ऑइल'. खनिज तेलाने ब्रेकची रबरं फुगतात. त्याचे ब्रेक तिसऱ्या दिवशी सुटेचनात, आणि मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंत प्रत्येक रबर बदलावं लागलं.

माझ्याही छोट्या चुका आहेतच. रेडिएटरमध्ये दोनदा बोअरचं पाणी घातलं होतं. आपल्याकडचं पाणी किती जड आहे ते चहाच्या पातेल्याला विचारा. आतल्या नळ्यांना पांढरी खपली धरली होती. बाहेरून जाळीत कापसाचे तंतू, जिनिंगच्या दिवसांत कापसाच्या ट्रॉल्यांमागे गाडी चालवल्याची पावती. तापमानाचा काटा चढायचा, त्याचं हे कारण.

बरेच जण सल्ला देतात की खान्देशच्या उन्हाळ्यात जाड, २०डब्ल्यू-५० घाल. माझं मत वेगळं. त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा, पुढचा आकडा १०० अंशांना मोजलेल्या घट्टपणाचा. इंजिन गरम झालं की थर्मोस्टॅटमुळे आतलं तापमान डिसेंबरात आणि मेमध्ये फारसं वेगळं राहत नाही. मी २०डब्ल्यू-४०च घातलं. नव्या तंग बेअरिंगांना जाड ऑइलची गरज नाही.

१ जूनला पहिला स्टार्ट. आधी प्लग काढून, कॉइलची वायर सोडून नुसता स्टार्टर मारला, दिवा विझेपर्यंत, म्हणजे ठिणगी पडायच्या आधी बेअरिंगांत ऑइल पोहोचलेलं असावं. तिसऱ्या प्रयत्नाला विझला. मग प्लग लावले. अर्ध्या फेऱ्यात पकडली. ठोका नाही. आप्पा कान लावून उभे होते, काही बोलले नाहीत, तंबाखू मळायला लागले. फिल्टर बसवण्याआधी बसणीवर मी दोनदा बोट फिरवलं होतं, आप्पांनी तिसऱ्यांदा.

गेल्या रविवारी चोपड्याला नेली. तापीचा पूल, धानोरा, अडावद, कुठेही साठच्या वर नाही, रनिंग-इन, म्हणजे नवे भाग सावकाश चालवून बसवणं, चालू आहे. नाना ओट्यावरून उतरले, रंगाकडे बघितलंही नाही. बॉनेट उघडायला लावलं, दांडी ओढली, सोग्याला पुसली, पुन्हा घातली. "जरासं कमी शे."

निघताना सकाळीच मी बघितलं होतं, बरोबर वरच्या खुणेला. सपाट जागेवर लावून, दहा मिनिटं थांबून परत बघितलं. खुणेच्या दोन-तीन मिलिमीटर खाली. पिस्टन रिंगा बसेपर्यंत थोडं जळणार, असं आप्पांचं म्हणणं. खाली गळती नाही, मागच्या सीलपाशी किंचित ओल आहे, तिथे खडूची पूड लावून ठेवली आहे. आजचं रीडिंग ३४० किलोमीटर. ५००ला ऑइल आणि फिल्टर बदलणार, दिवसाउजेडी.