आमची वाटचाल : हरिपूरच्या पेवातून कासाब्लांकाला

आजोबा, घरात त्यांना अण्णा म्हणत, हरिपूरच्या पेवांवर हमाली करायचे. सांगलीकरांना पेव सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो. कृष्णाकाठच्या घट्ट मातीत खोल खड्डा घ्यायचा, आतून सारवून पाला लावायचा, हळकुंडं भरायची आणि तोंड बुजवून टाकायचं. भाव येईपर्यंत हळद आत झोपलेली. ‘अमक्याचं पेव फुटलं’ असं आपण म्हणतो, ते हेच पेव. उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, हवा कोंडलेली असते. आधी कंदील सोडायचा. विझला तर बिडी ओढत बसायचं.

२००५ च्या महापुरात पेवांत पाणी शिरलं आणि तो धंदा मोडल्यातच जमा झाला. आजोबा त्याआधीच गेले होते, हे बरंच झालं. वडिलांनी तोवर मार्केट यार्डाजवळ शेड भाड्यानं घेऊन पॉलिशचा ड्रम बसवला होता. अडत्यांचा माल आणायचा, घासून पिवळाधमक करून परत द्यायचा, मजुरी घ्यायची. मी बी.कॉम. करून २००६ ला त्यांच्या हाताखाली आलो. आम्ही घासलेली हळद मुंबईचे निर्यातदार घेऊन जात. पुढे ती कुठं जाते, आम्ही विचारत नव्हतो आणि ते सांगत नव्हते.

एकदा मुंबईत एका दलालाच्या गाळ्यावर आमचंच पोतं दिसलं. शिवण आमच्या माणसाची, ती मी ओळखतो. वर छापलं होतं ‘कुर्कुमा’, म्हणजे हळदच, आणि खाली ‘कासाब्लांका’, हे मोरोक्कोतलं शहर. घरी येऊन पोराच्या शाळेच्या ॲटलासमध्ये मोरोक्को शोधला. आफ्रिकेच्या पार वायव्य टोकाला, अटलांटिकच्या काठावर. दुबई नि बांगलादेश सगळेच करत होते, तिथं भावात मार बसायचा. म्हटलं, हेच बघू.

२०११ ला आयात-निर्यात क्रमांक घेतला, स्पायसेस बोर्डाची नोंदणी केली. कागद फ्रेंचमध्ये लागायचे. तिथं बोली अरबी आणि अमाझिघ, पण व्यापाराचा कागद बहुतेक फ्रेंच, कारण १९५६ पर्यंत राज्य फ्रेंचांचं होतं. कोल्हापुरात फ्रेंच शिकवणाऱ्या एका बाईंनी आमची पहिली बिलं तयार करून दिली. पैसे घेतले नाहीत, दोन किलो हळद पावडर नेली.

पहिला कंटेनर पावसाळ्यात भरला. ही चूक. हळद वाळलेली होती, पण वाटेत कंटेनरच्या पत्र्याला आतून घाम सुटला आणि वरच्या थरातली पोती ओली झाली. तिकडच्या शेठनी फोटो पाठवले आणि बिलातून रक्कम कापली. वडील आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. तेव्हापासून ओलावा १० टक्क्यांच्या वर असेल तर माल भरत नाही, आत जाड कागद लावतो आणि ओल शोषणाऱ्या पिशव्या टांगतो. ते शेठ मात्र टिकले, आजही तेच आमचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक आहेत. त्यांना पावडर नको असते, अख्खी हळकुंडं हवीत. “पावडरीत काय काय दळलंय ते देवाला ठाऊक,” असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांना नावं ठेवायला जागा नाही.

२०१६ ला मी दुबईमार्गे कासाब्लांकाला गेलो. शेठचा गाळा दर्ब ओमर या घाऊक पेठेत. हातगाड्या, हमालांची आरडाओरड, दारात वजनकाटा; आपल्या यार्डाचीच बहीण. हळदीला ते खरकूम म्हणतात. हरीरा नावाचं घट्ट सूप आणि ताजीन नावाची मंद आचेवरची भाजी-मटणाची शिजवण, दोन्हीला रंग तिचा. केशर त्यांच्याकडंही पिकतं, पण रोज कुणाला परवडणार? पुदिन्याचा चहा पाजला, तो मात्र चीनच्या हिरव्या पत्तीचा. आमच्या आसामला तिथं अजून शिरकाव नाही.

तिथंच माझी फजिती झाली. बरोबर आमचं माहितीपत्रक नेलं होतं, मागच्या पानावर जगाचा नकाशा, सांगलीपासून कासाब्लांकापर्यंत बाण काढलेला. शेठनी ते पाहिलं, घडी घातली आणि शांतपणे माझ्याकडं सरकवलं. मला कळेना. त्यांच्या भाच्यानं बोट ठेवून दाखवलं. मोरोक्कोच्या खाली एक तुटक रेघ होती आणि रेघेपलीकडं ‘पश्चिम सहारा’ असं वेगळं नाव. स्पेन तिथून १९७५-७६ मध्ये निघालं, पण तो मुलूख आपला असं मोरोक्को म्हणतं. पोलिसारिओ या संघटनेला तिथं स्वतंत्र राष्ट्र हवंय. काश्मीर कापलेला नकाशा कुणी आपल्याकडं छापला तर आपण काय करू, ते आठवलं आणि मान खाली गेली. सगळी पत्रकं हॉटेलवरच ठेवून आलो.

परतल्यावर वाचलं तेव्हा कळलं, की दिल्ली आणि मोरोक्कोची राजधानी रबात यांच्या संबंधांतही हीच रेघ आडवी आली होती. राजनैतिक संबंध १९५७ पासूनचे. पण १९८५ मध्ये भारतानं पोलिसारिओच्या सहारावी प्रजासत्ताकाला मान्यता दिली आणि रबातचं मन फिरलं. २००० मध्ये ती मान्यता मागे घेतली. पुढच्याच वर्षी राजे मोहम्मद सहावे भारतात येऊन गेले, २०१५ ला आफ्रिका परिषदेसाठी पुन्हा आले. आमचं पत्रक त्या मानानं स्वस्तात सुटलं.

शेठना अभिमान इब्न बतूता या जुन्या प्रवाशाचा. तो त्यांच्या देशातल्या तांजेर शहराचा. चौदाव्या शतकात दिल्लीला आला, मोहम्मद तुघलकानं त्याला काझी केलं. दौलताबादच्या द्राक्षांबद्दल आणि डाळिंबांबद्दलही त्यानं लिहून ठेवलंय. तासगावच्या बागाईतदारांना हे सांगितलं की ते म्हणतात, मग आमच्याकडं का नाही आला?

खरी देवाणघेवाण मला यार्डात नाही, शेतकऱ्याच्या बांधावर कळली. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास हळदीची लागण होते आणि डीएपी खताची पोती सुटतात. त्यातलं स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, येतं फॉस्फेटच्या दगडातून. जगातला त्याचा सगळ्यात मोठा साठा मोरोक्कोकडं आहे. तिकडं जोर्फ लास्फरला फॉस्फोरिक आम्लाच्या एका कारखान्यात भारतीय कंपन्यांचे हिस्से आहेत, इकडं ओडिशात पारादीपच्या खत कारखान्यात मोरोक्कोच्या सरकारी ओसीपी कंपनीची भागीदारी. म्हणजे त्यांचा दगड मिरज तालुक्याच्या रानात मुरतो आणि त्या रानातली हळद त्यांच्या हरीरात उतरते. मी इतकी वर्षं फक्त माझीच बाजू मोजत होतो.

मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे जहाज सुएझ कालव्यात आडवं झालं, तेव्हा आमचा एक कंटेनर मागच्या रांगेत होता. ते सहा दिवसांत सुटलं. खरा फटका २०२३ च्या शेवटी बसला. तांबड्या समुद्रात येमेनच्या हुथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून केप ऑफ गुड होपवरून जाऊ लागली. भाडं वाढलं, दोन-दोन आठवडे जास्त. २०२४ च्या रब्बीत डीएपीची टंचाई झाली, त्यालाही हा वळसा एक कारण. तिकडून येणारं खत आणि इकडून जाणारी हळद, दोघांना तोच फेरा.

एवढ्या लांबून माल पोचला की शेठचा भाचा कंटेनर उघडतानाचा व्हिडिओ पाठवतो. आत धुरी दिलेली असते, म्हणून दारं सताड उघडून सगळे बाजूला उभे राहतात, हवा जाईपर्यंत कुणी आत पाय ठेवत नाही. वडिलांना दाखवलं. ते म्हणाले, “अण्णांसारखंच की. कंदील तेवढा नाही.”

२०२४ च्या त्याच रब्बीत आरगचे एक शेतकरी, आमचे जुने, शेडवर आले. डीएपीसाठी तीन दुकानं फिरून आले होते. ५० किलोचं पोतं १३५० ला, पण मिळेल तर ना. म्हणाले, “तुमच्या त्या मोरोक्कोवाल्या शेठला सांगा, खताची बोट जरा लवकर सोड म्हणावं.”

मी गमतीनं तसंच शेठना कळवलं. उत्तर आलं, “बोट माझ्या हातात नाही. रमजान तोंडावर आलाय, माझी हळद कधी निघते?”