‘दुसरं पिल्लू देतो की!’

सोमवारी दवाखान्याचं शटर वर करते न करते तोच एक कुटुंब लॅब्राडोरचं पिल्लू घेऊन दारात. चार दिवसांपूर्वी आणलेलं, कालपासून उलट्या, आज रक्ताचे जुलाब. पार्वो म्हणजे कुत्र्यांच्या आतड्यांवर हल्ला करणारा विषाणूचा आजार; त्याचा तो वास एकदा नाकात बसला की आयुष्यभर चुकत नाही. तरी टेस्ट केली. दहा मिनिटांत पट्टीवर दुसरी रेघ उमटली.

सलाईन लावताना वडील म्हणाले, "पण मॅडम, दोन महिन्यांचंय, दोन्ही लसी झाल्यात. हे बघा कार्ड."

मी पिलाचा जबडा उघडून दाखवला. दोन महिन्यांच्या पिलाला साधारण दुधाचे सगळे २८ दात आलेले असतात. याच्या मागच्या दाढा अजून हिरडीतच होत्या. फार तर पाच आठवड्यांचं. पहिली लसच मुळात सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देतात, मग याला दोन कुठून मिळाल्या? कार्डावर ना लसीच्या बाटलीचं लेबल, ना डॉक्टरचा शिक्का. नुसती गिचमिड सही.

"याची आई पाहिलीत?"

"नाही. विकणारा म्हणाला, घरी यायची तसदी कशाला, मीच टोलनाक्यावर आणून देतो."

२०१७च्या केंद्राच्या नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, ब्रीडरची, म्हणजे पिल्लांची पैदास करून विकणाऱ्याची, राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. चांगला ब्रीडर तर आईशेजारी बसवून पिल्लं दाखवतो, आईबापांच्या खुब्यांचे एक्स-रे काढून ठेवतो, वर तुमचीच उलटतपासणी घेतो: दिवसभर घरी कोण असतं, गावाला गेलात तर याला कोण सांभाळणार? अशा प्रश्नांचा लोकांना राग येतो. मला तो माणूस तिथेच आवडतो.

वडिलांनी विक्रेत्याला फोन लावला, स्पीकरवर. आई कुठाय विचारलं तर "गावाकडं". पिल्लू आजारी म्हटल्यावर अगदी सहज म्हणाला, "टेन्शन नका घेऊ, हे परत द्या, दुसरं पिल्लू देतो की!"

शाळेच्या गणवेशातला मुलगा सलाईनच्या नळीकडे बघत होता. "बाबा, नको," एवढंच म्हणाला.

दुसरं आणलं असतं तरी तेही याच वाटेने गेलं असतं. हा विषाणू घरात महिनोन्‌महिने तग धरतो, फिनाईलला दाद देत नाही, त्याला ब्लीचसारखं जालीम काही लागतं. वडिलांनी त्याच संध्याकाळी घर धुवून काढलं.

गुरुवारी पिलाने चिकनचं पाणी चाटलं आणि ते पोटात टिकलं. पैसे मात्र बुडाले. तो नंबर आता लागत नाही.