रात्री तीनला वारा पडला

सकाळी प्रयोगशाळेत आलो की आधी रात्रभराचा आलेख उघडायचा, ही माझी जुनी सवय. त्या दिवशी उघडला आणि तोंडातून जो शब्द निघाला तो इथे लिहिण्यासारखा नाही. ३ वाजून १७ मिनिटांनी वाऱ्याची रेघ कोसळून जवळजवळ शून्याला टेकली होती. दोनेक मिनिटांत पुन्हा वर आली, पण दिशा भलतीच.

‘वारा’ हा आमच्यातला शब्द, टाकीतल्या पाण्याच्या मोठ्या प्रवाहासाठी. २५ सेंटिमीटर उंच, तेवढ्याच व्यासाची पाण्याची गोल टाकी. तळ गरम, माथा थंड, दोन्हींत २० अंशांचा फरक. तापवलेलं पाणी ढवळायला किती जोर लागतोय ते रॅले संख्या सांगते. पसरट थरात अभिसरण (गरम वर, गार खाली असं फिरणं) सुरू व्हायला ती १७०८ च्या आसपास झाली की पुरे. आमच्याकडे ती ८ अब्जांच्या घरात, म्हणजे आत नुसता कल्लोळ. तरी त्यातूनच टाकीएवढा एक मोठा भोवरा जमतो. एका अंगाने गरम पाणी चढतं, समोरून गार उतरतं, साधारण मिनिटाभरात फेरा पुरा. भिंतीत मध्यावर गोलाकार ८ थर्मिस्टर (तापमान मोजणारे छोटे संवेदक) बसवलेत. चढत्या बाजूचा जेमतेम एक-दोन दशांश अंशाने उबदार, समोरचा तेवढाच गार. या ८ आकड्यांवर कोसाइन (लाटेसारखी वक्ररेषा) बसवायचा: त्याची उंची म्हणजे वाऱ्याचा जोर, शिखर म्हणजे दिशा.

वायर सैल असणार, असं धरून चाललो. पण एक थर्मिस्टर बिघडला तर एकच आकडा वेडा होतो. इथे आठही एका पातळीवर आले होते. वीज? हीटरची रेघ सरळ. माथा थंड ठेवणारं पाणी? जिथल्या तिथे. वारा पडला तरी उष्णता मात्र पूर्वीइतकीच वर जात होती, आणि मला तेच सगळ्यात खटकलं. (वास्तविक खटकायला नको होतं. उष्णतेची खरी अडवणूक तळाला आणि माथ्याला चिकटलेले मिलिमीटरभर जाडीचे थर करतात. मधला भोवरा असला-नसला तरी त्यांना फारसा फरक पडत नाही.)

दुपारी मॅडमनी आलेख पाहिला. “याआधी किती वेळा झालंय?”

“पहिल्यांदाच.”

“बघितलंयस पहिल्यांदा, की झालंय पहिल्यांदा?”

तेव्हा ट्यूब पेटली. जोर ठरावीक मर्यादेखाली गेला की माझा प्रोग्राम ती नोंद ‘कोसाइन बसला नाही’ म्हणून फेकून द्यायचा. आदल्या दिवशी दुसऱ्याच कशासाठी तरी मी ती गाळणी बंद केली होती आणि चालू करायला विसरलो होतो. नशीब, कच्च्या फायली शाबूत होत्या. संध्याकाळपर्यंत ११ दिवसांच्या नोंदी चाळल्या, त्यात अशा आणखी ९ जागा सापडल्या. वारा पुन्हा उठताना दिशेला काही धरबंध नव्हता: कधी पार उलटी, कधी जेमतेम ४० अंश सरकलेली.

ब्राऊन, निकोलाएन्को आणि आहलर्स यांनी २००५ साली नेमकं हेच मांडलंय: प्रवाह थांबतो आणि कुठल्याही दिशेला पुन्हा सुरू होतो. तो पेपर माझ्याच टेबलावर पडलेला, पिवळ्या मार्करने रंगवलेला.

गाळणीच्या ओळी काढून टाकताना वरची टीप दिसली, माझ्याच हातची: ‘कचरा नोंदी वगळा.’